आजोबांच्या .३१५ साठी चामडी पट्टा करून घ्यायचाय, कुणाला माहिती आहे?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे चामड्यातले आणि नेमबाजीतले दोन्हीकडचे जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

आमची वस्ती मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. आजोबांची .३१५ ची शिकारी रायफल, इशापूरच्या कारखान्यातली, वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर वारस म्हणून माझ्या परवान्यावर आली. आजोबांनी ती घेतली तेव्हा शिकारीचे परवाने मिळायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आमच्या घरातली शिकार संपली, ती कायमची. आज नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जातो ते दुर्बीण घेऊन. माझा परवाना स्वसंरक्षणाचा आहे.

रायफल लागते ती रात्री. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते, मग ऊसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, बारा-एकला उठून जावं लागतं. वस्ती एकटी आहे, मोटारीची केबल दोनदा कापून नेली. त्यात डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून वडील मला रिकाम्या हातानं जाऊ देत नाहीत. बिबट्याच्या वाटेला मी कधीच जाणार नाही, पण बापाच्या मनाला आधार लागतो.

अडचण अशी की एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. रायफल पाठीवरच हवी, आणि वाकलं तरी पुढे घसरून येता कामा नये.

आजोबांचा मूळ पट्टा पन्नास वर्षं टिकला. दोन वर्षांपूर्वी मागच्या कडीजवळची शिवण गेली, तेव्हा तो जपून ठेवला आणि ऑनलाइन एक नवा मागवला. वर्णनात 'शुद्ध चामडे' होतं, खांद्यावर गुबगुबीत गादी होती, दिसायला झकास. पहिल्याच मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत टांगलेला असताना वरचा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला. जूनमध्ये पाण्याच्या दंडावर वाकलो तेव्हा जोडाचा स्क्रू निघून पडला आणि रायफल दस्त्यावर चिखलात आदळली. चेंबर रिकामं होतं, म्हणजे आत गोळी नव्हती; नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी थोडक्यात वाचली. त्या रात्री मला फार वाईट वाटलं. आजोबा ती रायफल जमिनीला टेकवूसुद्धा देत नसत.

आता पट्टा करूनच घ्यायचा. चामडं कोणतं? रुंदी किती? कड्यांना जोडायचा कसा? आणि करणाऱ्याला नेमकं काय सांगायचं?

---

माळरान

मालक, नायलॉनचा घ्या आणि विषय संपवा. पाण्यात भिजतो, वाळतो, कुजत नाही. रात्री दारं धरायची म्हणजे चिखलपाणी आलंच. चामड्याचे लाड कोण करणार?

---

निशाणी५०

सीनाकाठ, मी बरीच वर्षं .२२ च्या नेमबाजीत होतो. सोलापुरातून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर सरावाला जायचो. तुमच्या प्रश्नाआधी एक प्रश्न सोडवायला हवा: पट्टा वाहायला हवाय की नेम धरायला?

ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्याकडचा पट्टा वाहण्यासाठी नसतोच. तो डाव्या दंडाला आवळून पुढे हाताजवळ अडकवतात, म्हणजे रायफलीचं वजन स्नायूंऐवजी पट्टा आणि हाडं पेलतात. झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना तो चालतो, उभ्यानं मारताना नियमानं चालत नाही. रुंदी जास्तीत जास्त ४० मिमी. २०१० मध्ये म्युनिकला आपल्या तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या, तो प्रकार सगळा पट्ट्यावरच उभा असतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणलं त्या थ्री पोझिशनमध्ये (तीन स्थितींतून मारायचा प्रकार) मात्र गुडघ्यावर आणि झोपून पट्टा, उभ्यानं नुसतं शरीर. एका पट्ट्याच्या असण्या-नसण्यानं शरीराची ठेवण किती बदलते ते तिथे बघायला मिळतं.

दोन्ही कामं करणारा पट्टाही आहे, अमेरिकन सैन्यानं १९०७ मध्ये घेतलेला. सव्वा इंच रुंद, दोन तुकड्यांचा, पितळी आकडे आणि भोकांच्या जोड्या. त्यात दंडाला फास करता येतो. सुरेख रचना आहे, पण अंधारात चिखलाच्या हातानं ते आकडे बदलणं तुमच्याच्यानं होणार नाही, आणि पितळ खणखणतं. तुम्हाला वाहण्याचा साधा, लांब, एकाच तुकड्याचा पट्टा हवा.

आणखी एक तपासा. पुढची कडी लाकडाला आहे की थेट नळीला? जुन्या बऱ्याच इंग्रजी रायफलींत ती नळीवरच्या पट्टीला असते, कारण जोरदार धक्क्याच्या बंदुकीत लाकडावरची कडी पुढच्या हातावर येऊन आदळते. नळीला असेल तर पट्टा ताणून नेम धरायचा नाही, नळीवर ओढ आली की गोळी जागा सोडते. नुसतं वाहायला काही हरकत नाही.

---

सीनाकाठ

निशाणी५० सर, आभार. मी हा फरक कधी मनात वेगळा केलाच नव्हता. मागवलेला पट्टा खांद्यावर रुंद, टोकांना निमुळता होता. एका खांद्यावर टांगायला तो छान वाटायचा, पण छातीवरून तिरका घेतला तर आखूड पडायचा. म्हणजे मुळात मापच चुकलं होतं.

पुढची कडी लाकडाला धरणाऱ्या पट्टीवर आहे, नळीला नाही. दोन्ही कड्या आतून सव्वा इंच.

@माळरान, नायलॉनचा वापरून पाहिलाय. घामट सदऱ्यावर तो घसरतो, दर चार पावलांनी खांदा उचलावा लागतो. आणि खरं सांगायचं तर आजोबांच्या रायफलीला चामडंच शोभतं. हे कारण पुरेसं नसेल, पण माझ्यापुरतं आहे.

---

रापी_आरी

हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या चामड्याच्या कामात. आजोबा मोटा शिवायचे, वडील चपला आणि बैलाचा साज करायचे, मी नोकरी करतो पण सुट्टीत रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, हातात घेतोच. जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या 'शुद्ध चामड्या'चं. चामडं जाड असतं, ते यंत्रावर आडवं चिरतात. वरचा थर, ज्यावर केसांची छिद्रं असतात, तो मजबूत, कारण तिथले धागे एकमेकांत घट्ट विणलेले असतात. खालच्या थराला आम्ही चिराई म्हणतो. तोही चामडंच, म्हणून शुद्ध म्हणायला कुणी अडवत नाही, पण त्याला वरची कातडी नसते. मग त्यावर प्लास्टिकचा लेप देऊन छिद्रांची नक्षी दाबतात. उन्हानं लेप सुटतो आणि खाली केसाळ लगदा दिसतो. तुमच्या पट्ट्याचं तेच झालंय.

दुसरं, कमावणी. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं चामडं दिवसभरात तयार होतं, मऊ असतं, बॅगा-बुटांच्या वरच्या भागाला चांगलं. पण ओझं लटकवलं की ते ताणत जातं. कापून कडा बघा, आत निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. सालीवर कमावलेल्याची कड आरपार एकच तपकिरी असते. पाण्याचा थेंब टाकला की तो आत जातो आणि तिथं गडद डाग पडतो. लेपाच्या चामड्यावर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. दुकानात शंका आली तर एवढं पुरतं.

सालीची कमावणी म्हणजे आपली जुनी पद्धत. चुन्याच्या निवळीत कातडं भिजवून केस सैल करायचे, मांस खरवडायचं, मग बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी. कोल्हापुरीच्या चामड्यासाठी कातड्याचीच पिशवी शिवून, आत साल-हिरडा भरून टांगून ठेवतात, ते पाणी झिरपत झिरपत कातडं पिकतं. तरवडाची सालही वापरतात, तमिळनाडूत दिंडीगुल-त्रिचीकडे तिचा फार जुना धंदा आहे. याला आठवडेच्या आठवडे जातात. घाईत केलेलं चामडं आत कच्चं राहतं, वाकवलं की कडेला पांढरट दिसतं.

लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे फक्त कोल्हापूर. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात सोलापूर जिल्हाही आहे, सांगली-सातारा आहेत, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. तेव्हा चांगल्या चामड्यासाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात चप्पल करणारा जुना हात शोधा, नाहीतर कर्नाटकात अथणीला जा.

जनावर कोणतं, हे विचाराल. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे इथे बहुतेक म्हशीचंच मिळणार. म्हशीचं चामडं जाड, दाणा मोठा, धागे जरा सैल. गाईच्या चामड्याइतकं गुळगुळीत दिसणार नाही. पण पाठीचं घेतलंत तर पट्ट्याला उत्तम. हा शब्द पाठ करून जा. पोटाचं चामडं रबरासारखं ताणतं, मानेचं सुरकुततं. पट्टा पाठीच्या कण्याला समांतर, लांबीत कापायचा. आडवा कापला तर दोन महिन्यांत इंच-दीड इंच वाढेल.

जाडी साडेतीन ते चार मिमी. परदेशी लोक औंसात मोजतात, एक औंस म्हणजे ०.४ मिमी, म्हणजे त्यांच्या भाषेत नऊ-दहा औंस. पाच मिमी घेतलंत तर कडीतून वळणारच नाही.

कापल्यावर पट्टा ओला करून, खाली वजन बांधून एक रात्र टांगायला सांगा. ताणायचा तेवढा तिथेच ताणून घेतो, मग भोकं पाडायची. ज्यांना घाई असते ते भोकं आधी पाडतात.

कडा गोल मारून घ्या. धारदार कड मानेला कापते, शिवाय चामडं कडेपासूनच फाटायला लागतं. आतली बाजू, म्हणजे मांसाकडची, खरखरीतच ठेवा. तीच सदऱ्याला धरून राहते. गादीची काही गरज नाही, सव्वा इंचाचा चांगला पट्टा चार किलो सहज वाहतो.

---

चाटीगल्ली

@रापी_आरी, एका प्रतिसादात एवढं ज्ञान! जपून ठेवतोय.

---

बर्फातला_सोलापूरकर

मी मूळ होटगी रोडचा, गेली अठरा वर्षं मोंटानात आहे. इथे हरणाची आणि एल्कची शिकार परवान्यानं होते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेर साधारण पाच आठवडे रायफलीचा हंगाम, कमरेच्या वर किमान ४०० चौरस इंच भडक नारिंगी कपडा सक्तीचा. मीही जातो. तिथला अनुभव तुमच्या कामाचा आहे का बघा.

पहिली गोष्ट आवाज. स्क्रू, बकल, आकडा, काहीही धातूचं दस्त्यावर आपटलं की शांत रानात ते शंभर पावलांवर ऐकू जातं. इथले जुने शिकारी म्हणून टोकांना स्क्रू लावतच नाहीत. पट्टा कडीतून घालून दुमडतात आणि दोन्ही पदरांत पाडलेल्या भोकांतून चामड्याची बारीक दोरी ओवून गाठ मारतात. तुमचा स्क्रू जसा निघाला तसे इथेही निघतात, दरवर्षी कुणाची तरी रायफल दगडावर पडते. गाठ मात्र सैल होताना दिसते. एकदम सुटत नाही.

दुसरी, पट्टा झाडीत अडकतो. दाट झाडीत शिरायचं असलं की मी पट्टा काढून खिशात घालतो, त्यासाठी झटपट निघणाऱ्या कड्या आहेत. ऊसाच्या सरीत तुम्हाला हाच त्रास होईल. पाचट पट्ट्यात अडकतं की नाही?

तिसरी, खांद्यावर टांगताना नळी वर की खाली. पावसात मी डाव्या खांद्यावर नळी खाली ठेवून टांगतो, म्हणजे पाणी आत जात नाही आणि वाकल्यावर नळी डोक्याशी येत नाही. फक्त चिखलात नळीचं तोंड टेकणार नाही एवढं बघावं लागतं. तुमच्यासारखं वारंवार वाकायचं असेल तर तिरका पट्टा, रायफल पाठीवर, हेच बरं.

---

सीनाकाठ

@बर्फातला_सोलापूरकर, पाचट अडकतं, कडेला उभं राहून ओढून काढावं लागतं. पण ती तुमची दोरीची गाठ! आजोबांच्या पट्ट्याला पुढच्या कडीजवळ अशीच वादीची गाठ आहे. मागच्या बाजूला कुणीतरी नंतर मशीनची शिवण घातलेली, आणि तुटलं ते तिथंच. हे तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता कपाटातून काढून बघितलं. पन्नास वर्षांत वादी तुटली नाही.

---

रापी_आरी

सीनाकाठ दादा, तुमच्या आजोबांचा पट्टा ज्यानं केला तो जाणता होता. कोल्हापुरीतही खिळा नसतो, सगळी वादीची शिवण. वादी झिजते तेव्हा ती बदलायची, मूळ चामडं तसंच राहतं.

मशीनच्या शिवणीत वरचा-खालचा धागा एकमेकांत अडकलेला असतो, एक टाका तुटला की ओढीनं पुढचे उसवत जातात. हातानं दोन सुयांचा टाका घातला तर प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंचे धागे आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा धरून असतो. तेव्हा शिवण घालायचीच असेल तर दोन सुयांची, मेण लावलेल्या दोऱ्यानं.

माझं मत: पुढे-मागे दोन्हीकडे वादी. लांबी कमी-जास्त करायला मध्ये एकच साधं बकल, तेही पाठीच्या बाजूला, दस्त्याला लागणार नाही असं. किंवा बकलही नको. तुम्ही एकटेच वापरणार, माप एकदा नक्की करा आणि टोकाला भोकांच्या तीन जोड्या ठेवा. थंडीत घोंगडी-जर्किन असलं की एक जोडी सैल.

---

परवाना_फाइल

चर्चा छान चाललीय, एक व्यावहारिक सूचना. पट्ट्याचं माप द्यायला रायफल घेऊन कारागिराकडे जाऊ नका. परवाना असला तरी बाजारात ती चार लोकांपुढे काढणं बरं नाही, आणि त्या कारागिरालाही अडचणीत टाकू नये. घरी दार लावून, मॅगझिन काढून, बोल्ट उघडून चेंबर डोळ्यानं आणि बोटानं तपासा. मग सुती नाडी कड्यांत ओवून अंगावर तिरकी घ्या, खाली वाकून बघा, माप जमलं की नाडीला गाठी मारा. ती नाडी आणि कडीच्या आतल्या रुंदीचा पुठ्ठ्याचा तुकडा, एवढंच न्यायचं.

दुसरं, निवडणुका लागल्या की हत्यार जमा करायचा आदेश येऊ शकतो. पट्टा काढून घरी ठेवा, रायफल तेवढी जमा करा. माझ्या काकांनी एकदा पट्ट्यासकट जमा केली होती. दोन-अडीच महिन्यांनी परत आणली तर जिथं पट्टा नळीला गुंडाळलेला होता तिथं बरोबर तेवढ्या रुंदीचा गंज. काढायचं राहिलं ते आमच्याकडून.

---

निशाणी५०

@परवाना_फाइल यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोर देतो. चामडं हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि कमावणीतली आम्लं-क्षार त्यात असतात. काळ्या पॉलिशच्या लोखंडाला हे मिश्रण घातक. चामड्याच्या म्यानात किंवा पट्टा गुंडाळून रायफल कधीच कपाटात ठेवू नये. पितळेचंही तसंच, चामड्यातल्या तेलानं पितळी बकलाखाली हिरवा मेणचट थर येतो. तो दिसला की लाकडी काडीनं खरवडून पुसायचा.

आणि सीनाकाठ, तुम्ही लिहिलंत की चेंबर रिकामं होतं. ते कायम तसंच ठेवा. पाठीवर रायफल असताना चेंबरमध्ये गोळी नको, मग भीती कितीही असो. पट्टा तुटणार नाही हे धरून चालायचं नाही.

---

सीनाकाठ

ते वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलंय सर. पाठीवर घेण्याआधी त्यांच्यासमोर बोल्ट उघडून दाखवायचा. आजही दाखवतो.

नाडीचं माप आज घेतलं. सदऱ्यावर तिरकी घेऊन, वाकून, उठून, खोरं मारून पाहिलं. कडी ते कडी ४४ इंच लागले. मागवलेला पट्टा पूर्ण सैल केला तरी ३६ चा होता.

आता तेलाचं सांगा. घरात करडईचं तेल भरपूर आहे, तेच लावलं तर?

---

मोटेवरचे_आप्पा

बाळा, करडईचं लावू नको. माझं वय ऐंशीच्या पुढं, नातू टाइप करतोय. आमच्या विहिरीवर मोट होती. जुनी माणसं मोटेला आणि नाड्याला करडईचं तेल कढवून लावायची, ते खरं. पण ते कशाला? कढवलेलं तेल वाळून त्याचा थर होतो, पाणी आत शिरत नाही. मोट दिवसभर विहिरीत बुडते, तिला तो थर हवा. तुझा पट्टा दिवसात शंभर वेळा वाकणार. थर बसला की वाकेल तिथं तडा जाईल. जवसाचंही तसलंच.

आम्ही बैलाच्या जुपण्यांना आणि आसुडाच्या वादीला एरंडेल लावायचो. ते वाळत नाही. फडक्यावर चार थेंब, हातानं चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचं. चैत्रात एकदा, दिवाळीनंतर एकदा. ओतायचं नाही.

---

चाटीगल्ली

आप्पा, माझ्या दुकानात लोक खोबरेल नेतात चपलांना लावायला. ते चालतं का?

---

रापी_आरी

चपलांना चालतं, पट्ट्याला मी देणार नाही. थंडीत ते गोठून पांढरं दिसतं, आणि भरपूर लावलं की चामडं लोळागोळा होतं. आप्पांचं एरंडेल बरोबर आहे. परदेशात गुराच्या पायाच्या हाडांतून काढलेलं नीट्सफूट तेल वापरतात, तेही थोडंच. कोणतंही तेल जास्त झालं की धागे एकमेकांवरून घसरतात आणि पट्टा लांबतो. आपल्याकडे उन्हाळा चाळीसच्या वर जातो, चामडं कोरडं पडून तडकतं, म्हणून लोक घाबरून तेलात बुडवतात. त्यापेक्षा पत्र्याच्या खोलीत टांगू नका, पांढऱ्या भिंतीच्या आतल्या खोलीत, सावलीत ठेवा. भिजला तर चुलीपाशी किंवा उन्हात वाळवायचा नाही, वाऱ्यावर वाळू द्यायचा आणि जरा ओलसर असतानाच तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात बुरशी आली तर घाबरू नका, कोरड्या फडक्यानं पुसून वाऱ्याला टांगा.

---

सीनाकाठ

मंडळी, पाच महिन्यांनी परत येतोय. पट्टा झाला.

आमच्या पंचक्रोशीत चपला करणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांच्याकडे नाडी आणि पुठ्ठा घेऊन गेलो. 'पाठीचं, लांबीत' म्हटल्यावर त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि आतून एक अख्खं चामडं आणून पसरलं. कणा कुठे, पोट कुठे, हात फिरवून दाखवलं. मला बोटानं दाबायला लावलं. पोटाकडे बोट रुतत होतं, पाठीवर नाही. चाळीस वर्षं वापरत आलेल्या वस्तूला मी पहिल्यांदा असा हात लावला.

त्यांनी पट्टा कापला, ओला केला, खाली पाट्याचा दगड बांधून छपराच्या वाशाला टांगला. दुसऱ्या दिवशी मोजला तर पाऊण इंच वाढलेला. मग भोकं. रापी_आरींनी सांगितलेल्या तीन जोड्या ठेवल्या. बकल नाही. दोन्हीकडे वादी, तीही त्याच चामड्याच्या कडेतून काढलेली. कडा काचेच्या तुकड्यानं गोल करून पाणी लावून लाकडानं घासल्या, त्या आरशासारख्या झाल्या. मजुरीसकट अकराशे घेतले. मी जास्त देत होतो, त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात आईसाठी चपला त्यांच्याकडेच टाकल्या.

सुरुवातीचे पंधरा दिवस पट्टा ताठ होता, मानेला बोचायचा. काकांनी सांगितलं होतं की रोज दोन्ही हातांत धरून खाटेच्या माच्यावरून पुढे-मागे ओढ. ओढला. आता वळतो. आतली खरखरीत बाजू सदऱ्याला अशी धरते की वाकून दंड फोडला तरी रायफल जागची हलत नाही. चालताना आवाज शून्य.

एक चूक झाली, तीही सांगतो. मागची वादी मी स्वतः ओवली आणि गाठ आतल्या बाजूला घेतली. महिनाभरात तिनं दस्त्याच्या लाकडावर घासून बारीक खूण पाडली. आता गाठ बाहेर आहे.

---

बर्फातला_सोलापूरकर

वाचून फार आनंद झाला. पुढच्या वेळी गावी आलो की मलाही एक करून घ्यायचाय, एका इंचाच्या कडीचा. इथे झटपट निघणाऱ्या कड्या बहुतेक एका इंचाच्याच असतात.

ताणल्यानंतर आणखी किती वाढला?

---

सीनाकाठ

नक्की या, मी घेऊन जातो काकांकडे. फक्त ऊन्हाळ्यात नको, तेव्हा ते चामडं ओलं करत नाहीत, लवकर वाळून आकसतं म्हणतात.

पाच महिन्यांत पाव इंचापेक्षा कमी वाढला. सध्या मधल्या जोडीवर आहे. वडिलांनी परवा एकदा अंगावर घेऊन पाहिला, त्यांना आतली जोडी लागते. आजोबांचा जुना पट्टाही काकांना दिलाय, मशीनची शिवण काढून तिथं वादी घालायला.

---

मोटेवरचे_आप्पा

जुन्या पट्ट्याला आधी तेल लावून आठ दिवस ठेवायला सांग. मग भोकं पाडायला आरी मारायची. कोरड्यात मारली तर चिरेल.

---

सीनाकाठ

आप्पा, आत्ताच फोन केला. काका म्हणाले, एरंडेल लावून मंगळवारीच ठेवलाय.